डिचोली ते फर्मागुढी: चावी देण्याआधी एक पावसाळा

ताई, तुमचा मुलगा जूनमध्ये 18 पूर्ण करतोय, आपल्या गोव्यातच फर्मागुढीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि घरातली जुनी वॅगनआर त्याला डिचोलीहून रोज न्यायला द्यावी का, असं तुम्ही विचारलंय. तुमचे मिस्टर म्हणतात लायसन्स आलं की देऊया. तुमचा जीव धजत नाही. माझ्या दोन्ही मुलांनी याच रस्त्याने गाडी नेली, म्हणून सविस्तर लिहितो. द्या, पण एक पावसाळा तुमच्यापैकी कोणीतरी त्याच्या शेजारी बसून काढल्यावरच द्या.

जूनचा वाढदिवस त्यासाठी सोयीचाच आहे. लर्नर्स लायसन्स 6 महिने चालतं. 30 दिवसांनी पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते, म्हणून सगळे एकतिसाव्या दिवशी आरटीओत उभे राहतात. तुम्ही ती घाई करू नका. जूनमध्ये लर्नर्स काढलं तर सगळा पाऊस आणि चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, त्यातच येते. एल बोर्ड लावून, शेजारी लायसन्सवाला बसवून रोज चालवू दे. मात्र 18 पूर्ण होण्याआधी ‘जवळच तर जायचंय’ म्हणून रस्त्यावर अजिबात नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला किंवा मालकाला 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तो आजवर स्कूटरवर फिरलाय. स्कूटरवाल्या मुलांना मध्ये फट दिसली की घुसायची सवय असते, आणि गाडीची डावी बाजू कुठे संपते ते त्यांना कळत नाही. आपल्या गावांतले रस्ते अरुंद, दोन्हीकडे चिऱ्याचे गडगे (कुंपणाच्या दगडी भिंती), खाली उघडं गटार. माझ्या मुलीला मी मोकळ्या मैदानात पाण्याची रिकामी बाटली आडवी ठेवून डाव्या पुढच्या चाकाखाली चिरडायला सांगायचो. पहिल्या दिवशी बारा वेळा प्रयत्न करून एकदाही जमलं नाही. आठवड्याभराने चिरडल्याचा आवाज आला तेव्हा ती गाडीतच ओरडली. त्यानंतर समोरून बस आली की तिचा हात थरथरायचा बंद झाला.

मग तुमचा रस्ता तुकड्या-तुकड्याने शिकवा. आमोण्याच्या पट्ट्यात ट्रक असतात. ट्रकचा आरसा आपल्याला दिसत नसेल तर ड्रायव्हरला आपण दिसत नाही, हे त्याला ट्रकच्या मागे राहूनच दाखवा. खांडोळा, माशेल पार करून बाणस्तारीला हायवेला लागताना थांबायचंच, समोर रिकामं दिसलं तरी. गुरुवारी तिथे बाजार असतो, माणसं टोपल्या घेऊन मध्येच रस्ता ओलांडतात. मंगेशी-म्हार्दोळला टुरिस्टांच्या गाड्या देवळाची पाटी दिसताच इंडिकेटर न देता वळतात. पुढे फर्मागुढीचा चढ. हँडब्रेक ओढून, अर्ध्या क्लचवर गाडी उचलायला शिकवा, मागे बस चिकटलेली असली तरी न घाबरता. चढावर गाडी मागे सरकली की मुलं गोंधळून ॲक्सिलेटर दाबतात.

पावसात दोन गोष्टी वेगळ्या शिकवाव्या लागतात. काच आतून धुरकट झाली की एसी चालू करून हवा काचेवर सोडायची, कपड्याने पुसत बसायचं नाही. आणि रस्त्यावर साचलेल्या पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. इंजिनात पाणी गेलेलं असेल तर तेवढ्याने इंजिन निकामी होतं. गाडी ढकलून बाजूला घ्यायची. अंधार पडल्यावर रस्त्यावर गुरं बसलेली असतात, काळी म्हैस तर अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. स्पीड दुप्पट केला की ब्रेक लावून थांबायला चौपट अंतर लागतं, हे गणित तो इंजिनिअर होणार म्हणून नाही, त्या म्हशीसाठी कळायला हवं.

स्टेपनी अंगणातच बदलायला लावा. मुलीने पाना लावला तर नट हलेचना, कारण गॅरेजमध्ये ते मशीनने आवळलेले. शेवटी पान्यावर पाय देऊन उभी राहिली तेव्हा सुटले. भर पावसात, हायवेच्या कडेला हे पहिल्यांदा कळलं असतं तर?

विम्याचा कागद एकदा नीट वाचा. जुन्या गाडीला बरेच जण फक्त थर्ड पार्टी ठेवतात, त्यात आपल्या गाडीचं नुकसान येत नाही. त्यातही मालक-चालकाचा जो 15 लाखांचा अपघात विमा असतो तो गाडी ज्याच्या नावावर आहे त्याचा. मुलगा चालवत असेल तर तो त्याला लागू होत नाही. गाडीतल्या बाकीच्यांसाठी आणि मुलासाठी वेगळं कव्हर एजंटकडे मागून घ्या. आरसी, पीयूसी, विमा डिजिलॉकरमध्ये ठेवले तरी चालतात.

आता मित्र. मला सगळ्यात जास्त धास्ती याचीच वाटते. एकटा नीट चालवणारा मुलगा चौघं बसले की वेगळाच होतो. आमच्या घरी पक्कं लायसन्स आल्यावर पहिले 3 महिने सोबत एकच मित्र, रात्री 8 नंतर गाडी नाही, मोबाईल डिकीत, असा नियम होता. मुलगा रुसला, पण नियम मी सोडला नाही. आणि आपल्या गोव्यात दारू प्यायचं कायदेशीर वयही 18 च, म्हणजे परवाना आणि बार एकाच वर्षी उघडतात. त्याला आजच सांगून ठेवा: कधीही, कुठूनही फोन कर, आम्ही येऊ, त्या रात्री एक शब्द विचारणार नाही.

मुलीचा असा फोन एकदाच आला, रात्री साडेअकराला, म्हापशाहून. ज्याच्या गाडीतून परत यायचं होतं त्याने बियर घेतली होती. मी गेलो. गाडीत तिने पाणी मागितलं, बाटली दिली, बस. घर येईपर्यंत कोणी बोललं नाही. सकाळी चहा घेताना तिने आपणहून सगळं सांगितलं.

येत्या रविवारी सकाळी लवकर तुम्ही स्वतः त्या रस्त्याने एकदा जाऊन या, तो शेजारी बसलेला असू दे. कुठे कुठे पाय आपसूक ब्रेककडे गेला ते लिहून ठेवा. जूनपासून त्याला पहिल्यांदा तीच ठिकाणं शिकवायची.