ग्रीसच्या क्रीट बेटावर साठीच्या आईबाबांना झेपेल अशी घळ कोणती?

सामारिया नको, इम्ब्रोसची घळ करा. दोन्ही चुनखडीच्याच, पण सामारिया सुमारे १६ किमी, उतार हजार मीटरहून जास्त आणि शेवटी परतायला बोट गाठायची घाई. इम्ब्रोस जेमतेम ८ किमी. इम्ब्रोस गावातून उतरत कोमितादेसला निघायचं, रमतगमत तीन तास. एका ठिकाणी कडे इतके जवळ येतात की हात पसरले तर दोन्हीकडे टेकतात, तिथे आईबाबांना घाई करू नका! वर गाडी ठेवली असेल तर खालून टॅक्सी मिळते. मात्र पायाखाली सुटे गोटे आहेत. गुडघे दुखत असतील तर काठी हवीच, आणि पावसाचा अंदाज असेल तर घळीत उतरूच नका.