न बोललेला अर्थ कॉम्प्युटरला शिकवता येतो का?

येतो, पण अजून अर्धवटच. लोकलमध्ये उभा माणूस बसलेल्याला नुसतं "कुठे?" विचारतो, तो "कुर्ला" म्हणतो आणि झालं, कुर्ल्याला ती सीट या उभ्या माणसाची, सीट हा शब्द कोणी काढलेलाच नसतो. पॉल ग्राइस या तत्त्वज्ञाने १९७५ च्या लेखात हेच मांडलं की समोरचा मुद्द्याला धरूनच बोलतोय असं आपण गृहीत धरतो आणि उरलेलं मनात भरतो. आधी लोक कॉम्प्युटरसाठी असे नियम हाताने लिहायचे, पण गर्दी, तिघांच्या बाकावरची चौथी सीट, मान हलवणं, किती लिहिणार? आताची चॅटजीपीटीसारखी भाषा-मॉडेल्स ढीगभर मजकुरातून पुढचा शब्द ओळखत ओळखत यातलं बरंच उचलतात, पण डब्यातलं बोलणं कुठे लिहिलंच जात नाही ना! म्हणून मराठीत असे संवाद अर्थासकट लिहून ठेवायला हवेत असं मला मनापासून वाटतं, अगदी आईचं "बघू" म्हणजे बहुतेक वेळा नाहीच, हे सुद्धा.