पाणी आत आलं, ते जातं कुठून?

प्रश्न : ताई, पुढच्या महिन्यात आम्ही तिघं उष्ण कटिबंधातल्या एका बेटावर आठ दिवस जातोय. मुलगी अकरा वर्षांची, तिला छान पोहता येतं, मला जेमतेम. बोटीतून नाही, किनाऱ्यावरूनच स्नॉर्कलिंग, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत तळ बघणं, करायचंय. नकाशावर वीस-पंचवीस किनारे दिसतात आणि फोटोत सगळेच निळेशार. निवडायचा कसा?

उत्तर : फोटो बाजूला ठेवा आणि आधी वारा बघा. बावीस वर्षं मी मास्क लावून पाण्यात उतरतेय, पण नव्या बेटावर गेले की आजही पहिलं हेच विचारते, वारा कुठून येतोय? ज्या अंगाला वारा लागतो तिथे लाटा आपटतात, वाळू उसळते आणि पाणी गढूळ होतं. बेटाच्या आडोशाला त्याच दिवशी तळ स्वच्छ दिसतो. कॅरिबियनमधल्या बोनेरवर व्यापारी वारे पूर्वेकडून येतात, म्हणून लोक पश्चिम किनाऱ्यावर उतरतात. हवाईच्या उत्तर किनाऱ्यांवर हिवाळ्यात प्रचंड लाटा येतात, उन्हाळ्यात तेच किनारे निवांत असतात. अंदमानात तर मोसमी वारे उलटले की आडोशाची बाजूच बदलते. तेव्हा ‘इथला सगळ्यात चांगला किनारा अमुक’ असं कोणी सांगितलं, तर लगेच विचारा, कोणत्या महिन्यात?

दुसरं, लांबच लांब पांढऱ्या पुळणीला भुलू नका. माशांना लपायला कपारी लागतात. पुळण संपून खडक सुरू होतात ते टोक गाठा. पाय ठेवायला वाळू आणि हाताच्या अंतरावर खडक, एवढं मिळालं की झालं. ओढा किंवा नदी मिळते तो किनारा मात्र वगळा. प्रवाळाला गोडं पाणी आणि गाळ मानवत नाही, आणि पावसानंतर तर तिथे स्वतःचा हातही दिसत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे तुम्ही दोनदा वाचावं असं मला वाटतं. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर प्रवाळाचा बांध असेल तर लाटा त्याच्यावर फुटतात आणि आतलं पाणी तळ्यासारखं दिसतं. पण बांधावरून आत येणारं पाणी परत कुठून तरी बाहेर जाणारच. ते बांधातल्या खिंडारातून जातं. उंचावरून पाहिलं की फेसाच्या पांढऱ्या रेषेत मध्येच एक गडद, सपाट पट्टा दिसतो. लाटा नाहीत म्हणून नवखे नेमके तिथेच जातात.

मीही गेले होते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीची गोष्ट. एक पोपटमासा प्रवाळ कुरतडत होता, त्याचा कटकट आवाज पाण्यात स्पष्ट येत होता आणि मी त्याच्यामागे रमले होते. मग लक्षात आलं, मी पाय हलवत नाहीये, तरी खालची वाळू मागे सरकतेय. एक खडक आला आणि गेला, दुसरा आला आणि गेला. किनाऱ्याकडे वळून जोर लावला तर जागची हलेना. तेव्हा आडवी वळले, किनाऱ्याला समांतर, घाई न करता. थोड्या वेळाने तळ सरकायचा थांबला आणि मग परत आले. तेव्हापासून उतरण्याआधी दहा मिनिटं काठावर उभी राहते. तरंगणारं पान किंवा फेसाचा पुंजका कुठे जातोय ते बघते. तो झपाट्याने बाहेर जात असेल तर त्या दिवशी मास्क पिशवीतच राहतो.

वेळ सकाळची. उन्हं चढली की खारे वारे सुटतात आणि पाण्यावर सुरकुत्या पडतात. भरती पूर्ण होत आली असताना उतरा. ओहोटीला एकतर पोट खडकाला घासतं, नाहीतर खिंडाराची ओढ वाढते. आठ दिवसांत अष्टमी येत असेल तर उत्तम. भांगाची भरती असते, पाण्याची ये-जा कमी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तुम्ही स्वतः कमरेएवढ्या पाण्यातच थांबा.

जेमतेम पोहता म्हणता, तर लाइफ जॅकेट घालाच. आणि मुलीला छान पोहता येत असलं तरी एकटं सोडू नका. दोघी हाताच्या अंतरावर राहा. मास्क लावला की मान वर करायचं भानच राहत नाही, म्हणून मोजून दर वीस श्वासांनी किनारा बघायची तिला सवय लावा.

प्रश्न : दमल्यावर प्रवाळावर क्षणभर उभं राहिलं तर चालतं का? पायात बूट असतातच.

उत्तर : नाही. बूट तुमचा तळवा वाचवतात, प्रवाळ नाही. तो दगड दिसत असला तरी वरचा पातळ थर जिवंत असतो, आणि घुमटासारखे प्रवाळ वर्षाला साधारण एखादा सेंटिमीटरच वाढतात. टाचेखाली तुटलेला तुकडा तुमच्या मुलीच्या वयाचा असू शकतो. दम लागला तर पाठीवर उलटे व्हा, मास्क कपाळावर न सरकवता गळ्यात घ्या आणि आभाळाकडे बघत पडून राहा. हे आधी उथळ पाण्यात, वाळूवर चार वेळा करून बघा.