व्हिटॅमिन हा शब्द आला कुठून? आणि 'ई' नंतर एकदम 'के' कसं?

नागपुरात धंतोलीला माझं मेडिकल स्टोअर आहे. 'ताकदीच्या गोळ्या द्या' म्हणणारे दिवसभर येतात, नावाची चौकशी कुणी करत नाही. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सुरुवात भातापासून आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जावा बेटावर आइकमान हा डच डॉक्टर बेरीबेरी या हातपाय लुळे पाडणाऱ्या रोगाच्या मागे लागला होता. त्याच्या कोंबड्यांचे पाय लुळे पडले आणि काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशी केली तर मधल्या काळात त्यांना लष्करी दवाखान्यातला उरलेला पांढरा भात मिळत होता. नवा आचारी आला, तो म्हणाला, लष्कराचा भात कोंबड्यांना कशाला? बंद! आणि कोंबड्या वाचल्या. म्हणजे तांदूळ पॉलिश करताना जो कोंडा जातो, त्यातच काहीतरी होतं.

ते 'काहीतरी' लंडनमध्ये कासिमिर फुंक हा पोलिश शास्त्रज्ञ शोधत होता. त्याला वाटलं, हे अमाइन, म्हणजे नायट्रोजनवालं रसायन असणार. लॅटिनमध्ये 'व्हिटा' म्हणजे जीवन. दोन्ही जोडून 1912 मध्ये त्याने नाव दिलं 'व्हिटामाइन'. पुढे कळलं की सगळी अमाइन नाहीतच. आपल्या संत्र्यातल्या सी मध्ये तर नायट्रोजनचा अणूसुद्धा नाही! तोवर नाव तोंडी बसलं होतं. मग 1920 मध्ये जॅक ड्रमंड या ब्रिटिश शास्त्रज्ञाने सुचवलं की इंग्रजी स्पेलिंगमधलं शेवटचं 'ई' तेवढं उडवा, आणि पुढे ए, बी, सी लावा. आपलं 'जीवनसत्त्व' या भानगडीत पडलंच नाही, म्हणून मला ते मूळ नावापेक्षा सरस वाटतं.

फुंकचं अमाइन अगदीच वाया गेलं असंही नाही. बी-कॉम्प्लेक्सची स्ट्रिप उलटी करून बघा, थायमिन दिसेल. भाताच्या कोंड्यातलं ते हेच, आणि त्यातलं 'मिन' त्या अमाइनचंच.

आता अक्षरं. एफ म्हणून ज्यांना धरलं ती निघाली स्निग्धाम्लं, म्हणजे तेला-तुपातली फॅटी ॲसिड. जी म्हणजे आजचं बी-2, आणि एच म्हणजे केसांसाठी लोक मागतात ते बायोटिन. दोन्ही बी च्या घरात गेली. के मात्र ओळीने आलेलंच नाही. डेन्मार्कच्या हेन्रिक डाम या शास्त्रज्ञाला रक्त गोठवणारा घटक सापडला. गोठण्याला जर्मनमध्ये 'कोआगुलात्सिओन' म्हणतात, त्याचं स्पेलिंग के ने सुरू होतं. बाळ जन्मल्यावर लगेच मांडीत इंजेक्शन देतात ना, ते याच के चं.