वाचकांचे प्रश्न : बॅटरी लहान की झुरके जास्त?

प्रश्न : सोलापुरात नवी पेठेत माझे विजेच्या साहित्याचे दुकान आहे. माझा भाचा शिक्षणासाठी ब्रिटनमध्ये असतो. सिगारेट सोडायची म्हणून त्याने तिकडे व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, घेतले. ही गोष्ट वडिलांच्या कानावर घालण्याची त्याची हिंमत नाही, मामाला मात्र त्याने सांगितली. उपकरणात १५०० एमएएचची (मिलिअँपिअर-तासांची) बॅटरी आतच बसवलेली आहे. ३० वॅटवर वापरले तर ते दुपारीच बंद पडते. जास्त काळ टिकणारे कोणते उपकरण घ्यावे, असे तो विचारतो. आमच्या बाजारात टॉर्चसाठी ९९०० एमएएच छापलेले १८६५० सेल (१८ मिलिमीटर व्यासाचे, ६५ मिलिमीटर लांबीचे) स्वस्तात मिळतात, ते त्याच्यासाठी पाठवावेत का? दिवाळीला येताना त्याने ते उपकरण बरोबर आणले तर चालेल का? (नाव प्रसिद्ध करू नये.)

उत्तर : आधी बॅटरीचा हिशेब करू, कारण तो आपल्या धंद्यातलाच आहे. १५०० एमएएच म्हणजे दीड अँपिअर-तास. लिथियम-आयन सेलचा सरासरी दाब ३.७ व्होल्ट धरला की साधारण साडेपाच वॅट-तास ऊर्जा होते, म्हणजेच सुमारे २०,००० ज्यूल. ३० वॅटवर तीन सेकंदांचा एक झुरका ९० ज्यूल खातो. सर्किटमध्ये जाणारी ऊर्जा वजा केली आणि सेल पुरता रिकामा होण्याआधीच उपकरण पुरवठा तोडते हेही लक्षात घेतले, तर एका चार्जिंगमध्ये २०० झुरक्यांच्या आसपास मजल जाते. बॅटरी नवी असूनही दुपारी संपत असेल, तर आपला भाचा दुपारपर्यंत तेवढे झुरके घेतो, एवढाच त्याचा अर्थ आहे आणि यात बॅटरीकडे बोट दाखवता येणार नाही. उपकरण जुने असेल तर गोष्ट थोडी वेगळी आहे : असे सेल साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज झाले की त्यांची धारणशक्ती स्पष्टपणे घटते, आणि दिवसातून दोनदा चार्जिंग करणारा माणूस तो आकडा वर्षाच्या आतच गाठतो.

म्हणून मोठी बॅटरी शोधण्याआधी वॅट पाहावेत. तोच झुरका १५ वॅटवर घेतला तर ४५ ज्यूल लागतात आणि तीच बॅटरी दुप्पट चालते. मात्र नुसते बटण दाबून वॅट खाली आणणे पुरेसे नाही, कारण ०.३ ओहमच्या आसपासची कॉइल (द्रव तापवून त्याची वाफ करणारी तार) जास्त शक्तीसाठीच बनवलेली असते आणि कमी वॅटवर तिच्यातून धड वाफ निघत नाही. ०.८ ते १.२ ओहमची कॉइल घ्यावी. सिगारेटसारखा आधी तोंडात ओढून घेतलेला झुरका तिला जमतो आणि १० ते १८ वॅटमध्ये तिचे काम भागते. दुसरी गोष्ट द्रवातील निकोटिनची. द्रव फार सौम्य असेल, तर शरीराला सवय झालेले प्रमाण मिळेपर्यंत माणूस नकळत जास्त आणि लांब झुरके घेत राहतो, आणि त्या प्रत्येक झुरक्याची किंमत बॅटरी मोजते. ब्रिटनमध्ये निकोटिनची कायदेशीर कमाल मर्यादा एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅम आहे. त्या मर्यादेत आपल्याला किती प्रमाण योग्य, हे त्याने तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या धूम्रपानमुक्ती केंद्रात विचारून ठरवावे. दुकानदाराच्या सल्ल्यापेक्षा तो सल्ला केव्हाही बरा, आणि हे मी एका दुकानदाराला लिहीत आहे याची मला जाणीव आहे.

हे सगळे करूनही दिवस निघत नसेल, तर सेल बाहेर काढता येईल असे उपकरण घेणे मला शहाणपणाचे वाटते. सेल थकला की उपकरण न टाकता फक्त सेल बदलता येतो, हा त्याचा खरा फायदा. २१ मिलिमीटर व्यासाचा आणि ७० मिलिमीटर लांबीचा २१७०० सेल सध्या ४००० ते ५००० एमएएच देतो आणि १५ वॅटवर तो बहुतेकांना संध्याकाळ दाखवतो. दोन सेलची उपकरणे जड असतात, शिवाय त्यांतले दोन्ही सेल एकाच वेळी घेतलेले आणि कायम जोडीनेच वापरलेले असावे लागतात. कमी वॅटवर वापरणाऱ्याला तो व्याप हवाच कशाला? सेल निवडताना केवळ एमएएच पाहू नये, तो सतत किती अँपिअर देऊ शकतो हेही पाहावे. एकाच आकाराच्या सेलमध्ये धारणशक्ती वाढवली की ही क्षमता बहुधा कमी होते. पूर्ण भरलेल्या, ४.२ व्होल्टच्या सेलवर ०.१५ ओहमची कॉइल थेट जोडली तर ओहमच्या नियमाने २८ अँपिअर मागितले जातात. १० अँपिअरचा सेल अशा वेळी तापतो, आणि तापत गेलेला लिथियम सेल कुठे थांबेल हे सांगता येत नाही.

आता आपल्या ९९०० एमएएचच्या सेलविषयी. १८६५० आकाराच्या उत्तम कंपनीच्या सेलचीही धारणशक्ती आज ३५०० एमएएचच्या आसपास संपते. तेव्हा ९९०० हा आकडा वेष्टनावरच राहतो, सेलमध्ये नसतो. खात्री करायची असल्यास असा एक सेल शेजारच्या सराफाच्या काट्यावर ठेवून पाहावा. अस्सल १८६५० सेल साधारण ४५ ते ४८ ग्रॅम भरतो. फसवा सेल पुष्कळदा त्याहून बराच हलका निघतो. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढून नवे वेष्टन चढवलेले सेलही याच नावाने विकले जातात, आणि त्यांचे वजन बरोबर भरत असल्यामुळे ते जास्त फसवतात. असे सेल टॉर्चमध्ये फार तर लवकर मावळतील, पण तोंडाशी धरायच्या वस्तूत ते घालू नयेत. ते त्याच्यासाठी पाठवू नका. त्याने तिथल्याच विश्वासू विक्रेत्याकडून सेल घ्यावा, जादा सेल प्लॅस्टिकच्या डबीत ठेवावा आणि किल्ल्या किंवा सुटी नाणी असलेल्या खिशात तो कधीही टाकू नये. वरच्या टोकाजवळ वेष्टन जरासे फाटले तरी धन टोक आणि सेलचे ऋण कवच यांत केवळ एक पातळ कडी उरते, आणि अशा वेळी एक नाणेही शॉर्टसर्किटला पुरते.

दिवाळीचे म्हणाल, तर उपकरण तिकडेच ठेवून यावे. ई-सिगारेटवर भारतात १८ सप्टेंबर २०१९ पासून बंदी आहे. आधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी संसदेने कायदा केला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण आणि जाहिरात या सर्वांना तो लागू आहे, आणि वस्तू संपूर्ण असो वा तिचा एखादा भाग, त्याने फरक पडत नाही. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. गुन्हा पुन्हा घडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा करण्यासाठी वेगळी शिक्षा सांगितली आहे. बॅगेतून एकच नग आणणे हीदेखील आयातच ठरते. याच कायद्यामुळे या स्तंभात कोणत्याही कंपनीचे वा नमुन्याचे नाव मी दिलेले नाही. हजारो स्त्रिया ज्या शहरात विड्या वळून संसार चालवतात, त्या शहरात बिडी उघड विकली जाते आणि याला मात्र बंदी, हे कसे, असा प्रश्न सोलापूरकरांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्यावर मतभेद असू शकतात, पण विमानतळावरचा अधिकारी ते ऐकून घेणार नाही. सुटीचे दिवस इथे निकोटिनची ओढ सोसवली नाही, तर १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवा विनामूल्य आहे आणि निकोटिनचे च्युइंगगम औषधांच्या दुकानात मिळते. तो येईल तेव्हा, दुपारपर्यंत संपणाऱ्या त्या २०० झुरक्यांबद्दल मामाने त्याच्याशी एकदा बोलावे, कारण वडिलांशी तो इतक्यात बोलेल असे दिसत नाही.

प्रश्न : मुलाच्या कपाटात एक रंगीत, वापरून टाकायची ई-सिगारेट सापडली. तिची एक बाजू फुगली आहे. मी ती घंटागाडीत टाकू का? (एक आई, जुळे सोलापूर)

उत्तर : टाकू नका. तिच्यात लिथियम बॅटरीच असते. कचरा दाबला जाताना ती चेपली किंवा तिला छिद्र पडले तर गाडीत आग लागू शकते. शिवाय २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार बॅटरी घरगुती कचऱ्यात टाकता येत नाही. फुगवटा म्हणजे आत वायू तयार झाला आहे, म्हणून ती चार्ज करू नका, दाबू नका आणि उघडूनही पाहू नका. पत्र्याच्या जुन्या डब्यात कोरडी वाळू घालून तिच्यात ती ठेवा, झाकण सैल असू द्या आणि डबा घराबाहेर, पण सावलीत ठेवा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो, आणि उष्णता लिथियम बॅटरीचा मुख्य शत्रू आहे. पूर्ण चार्ज केलेली धडधाकट बॅटरीसुद्धा ४० अंशांत वर्षभर पडून राहिली तर तिची सुमारे एक तृतीयांश धारणशक्ती जाते. फुगलेल्या बॅटरीला तर उन्हात क्षणभरही ठेवू नये. नंतर ई-कचरा स्वीकारणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडे ती द्या, आणि देताना ती फुगलेली आहे हे आवर्जून सांगा, म्हणजे ते लोक ती इतर मालात मिसळणार नाहीत. हे सगळे मुलासमोर, शक्यतो त्याच्याच हातून करून घ्या. ती कुठून आणली हे विचारायला त्याहून चांगली वेळ मिळणार नाही.