आधी कागद, मग बूट: लीग वन ओंटारियोतून युरोपात निघालेल्या एका खेळाडूला

भावा, तुझा प्रश्न वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात मांडतो. वय २०, घर ब्रॅम्प्टनला, लीग वन ओंटारियोत (कॅनडातल्या ओंटारियो प्रांताची फुटबॉल लीग, आता तिचं नाव ओंटारियो प्रीमियर लीग) लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू, कॅनडाचा पीआर (कायमचा रहिवासी) आहे पण पासपोर्ट अजून भारतीय. स्पेनमध्ये तीन आठवड्यांची ट्रायल लावून देतो म्हणून एकानं साडेचार हजार युरो मागितलेत, निम्मे आगाऊ. कॉलेज सोडून तिकडं जाऊ, की जर्मनीत खालच्या लीगमध्ये प्रयत्न करू, असं तू विचारतोयस.

मी मूळचा कोल्हापूरचा. शाळेत असताना आईवडिलांबरोबर मिसिसागाला आलो, तुझ्याच लीगमध्ये खेळलो, आणि आता बरीच वर्षं जर्मनीत रूरच्या भागात आहे. इथं ओबरलिगात, म्हणजे पाचव्या पातळीवर खेळलो. आता दिवसा नोकरी करतो आणि संध्याकाळी त्याच क्लबच्या मुलांना शिकवतो. म्हणून जे लिहितोय ते दोन्ही बाजू बघून लिहितोय.

पहिलं म्हणजे त्या माणसाला एक युरोही देऊ नकोस. ज्या क्लबला खेळाडू हवा असतो तो पैसे मागत नाही. तो तारीख सांगतो, कोचचं नाव सांगतो, राहायची सोय कुठंतरी करतो, निदान आठवडाभर सरावाला ये म्हणतो. २०२३ पासून एजंटला फिफाची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो आणि परवानाधारकांची यादी फिफाच्या साइटवर कुणालाही बघता येते. त्याचं पूर्ण नाव तिथं टाकून बघ. नाव सापडलं तरी पैशाचं उत्तर बदलत नाही, कारण खऱ्या एजंटची कमाई करार झाल्यावर होते, आधी नाही. आमच्या टीममध्ये टोरोंटोचाच एक स्ट्रायकर होता. असाच पैसे भरून स्पेनला गेला. तिथं त्याच्यासारखीच पैसे भरून आलेली मुलं आपापसात मॅच खेळत होती, आणि बाहेर खुर्चीवर बसलेले 'स्काउट' कुठल्या क्लबचे ते शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. पुढं तिथल्या एका अकादमीनं विद्यार्थी व्हिसावर वर्षभर राहायची ऑफर दिली, तीही फी भरूनच. पोरगा खेळायला चांगला होता. घरच्यांची बचत गेली आणि वयाचं एक मोलाचं वर्ष गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता कागद. इथं मी जरा लांबण लावणार आहे, कारण तुझ्या बाबतीत सगळं इथंच अडतं आणि या विषयावर कुठलाच कोच बोलत नाही.

तुझ्याकडं पीआर आहे. पीआर टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात असावं लागतं, आणि नागरिकत्वाचा अर्ज करायला पाच वर्षांत १,०९५ दिवस. आत्ता उठून युरोपात गेलास तर हे दुसरं घड्याळ थांबतं. आणि भारतीय पासपोर्टवर शेंगेन देशांत साध्या ट्रायललासुद्धा आधी व्हिसा लागतो; कॅनडाचा पीआर दाखवून आत सोडत नाहीत. क्लबचा फोन येतो मंगळवारी, ये म्हणतात सोमवारी, आणि तुझी व्हिसाची अपॉइंटमेंट असते पुढच्या महिन्यात. तोवर त्यांनी दुसरा लेफ्ट बॅक घेतलेला असतो.

कॅनडाचा पासपोर्ट हातात आला की चित्र पालटतं. जर्मनीत कॅनडाचा नागरिक व्हिसाशिवाय येऊन इथल्या परदेशी नागरिक कार्यालयात राहण्याच्या परवान्याचा अर्ज करू शकतो. परवाना मिळेपर्यंत काम मात्र करता येत नाही, हे ध्यानात ठेव. शिवाय कॅनडाचा जर्मनीशी तरुणांसाठीचा करार आहे, १८ ते ३५ वयाच्या नागरिकांना वर्षभर राहून काम करता येतं. स्वीडनशीही तसा करार आहे. खालच्या लीगमध्ये खेळणारी कॅनडाची बहुतेक मुलं मी याच दारानं आत आलेली बघितली आहेत. हे दार फक्त नागरिकांना उघडतं, पीआरवाल्यांना नाही.

कुणी म्हणेल, क्लबच खेळाडू म्हणून परवाना काढून देईल की! जर्मनीत व्यावसायिक खेळाडूचा परवाना मिळायला पगाराची अट आहे: पेन्शन विम्यासाठी जी कमाल पगाराची मर्यादा ठरवतात तिच्या निम्मा तरी पगार हवा. २०२५ मध्ये ही रक्कम महिन्याला ४,०२५ युरो होती. ओबरलिगात पोरांना महिन्याला काही शे युरो मिळतात. म्हणजे पाचव्या पातळीवरच्या क्लबनं कितीही मनात आणलं तरी त्यांच्या हातात काही नाही. स्वीडनमध्येही वर्क परमिटसाठी पगाराची किमान पातळी आहे, २०२५ च्या जूनमध्ये ती महिन्याला २९,६८० क्रोनर झाली, आणि तिथल्या छोट्या क्लबांचीही तीच गत होते.

इंग्लंडचा विचार डोक्यातून काढून टाक. ब्रेक्झिटनंतर तिथं परदेशी खेळाडूला गुणांवर मान्यता मिळते, आणि ते गुण राष्ट्रीय संघ, वरच्या लीगमधली मिनिटं, असल्या गोष्टींचे असतात. चौथ्या पातळीच्या खाली तर दार बंदच आहे. काही मुलं म्हणतात की आम्ही युथ मोबिलिटी व्हिसावर (तरुणांना तिथं राहून काम करू देणारा व्हिसा) जाऊन नॉन-लीगमध्ये, म्हणजे त्या चार पातळ्यांच्या खाली, खेळू. त्या व्हिसावर व्यावसायिक खेळाडू म्हणून काम करायला स्पष्ट मनाई आहे, कोच म्हणूनही. पकडला गेलास तर पुढच्या प्रत्येक अर्जावर तो डाग राहील.

तेव्हा माझं म्हणणं असं: नागरिकत्वाचे दिवस मोज. वर्ष-दीड वर्ष राहिलं असेल तर ते कॅनडातच खेळून काढ, आणि कॉलेज सोडू नकोस.

"तोवर वय निघून जाईल" असं तू म्हणशील. म्हणून जे खरंच वर गेले ते कसे गेले ते बघ. अ‍ॅलिस्टर जॉन्स्टन तुझ्याच लीगमध्ये व्हॉन अझुरीकडून खेळला, अमेरिकेत वेक फॉरेस्टला शिकला, एमएलएसच्या (अमेरिका-कॅनडाची सर्वात वरची लीग) २०२० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब आळीपाळीनं कॉलेजचे खेळाडू निवडतात त्यात, नॅशव्हिलनं घेतला, आणि २०२२ च्या डिसेंबरमध्ये स्कॉटलंडच्या सेल्टिकला पोचला. मोईझ बोंबितो क्यूबेकच्या प्रांतीय लीगमधून आयोवातल्या एका कम्युनिटी कॉलेजात, तिथून न्यू हॅम्पशायर विद्यापीठात, २०२३ च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर कोलोराडोत, आणि पुढच्याच वर्षी फ्रान्सला नीसमध्ये. जोएल वॉटरमन कॅल्गरीच्या कॅव्हलरीतून २०२० मध्ये मॉन्ट्रियलला गेला. कॅनेडियन प्रीमियर लीगमधून, म्हणजे कॅनडाच्या स्वतःच्या व्यावसायिक लीगमधून, एमएलएसला जाणारा तो पहिला. व्हिक्टर लोटुरी त्याच कॅव्हलरीतून थेट स्कॉटलंडच्या रॉस काउंटीला. यातलं कुणी तीन आठवड्यांची ट्रायल विकत घेऊन गेलं नाही. घरच्या किंवा कॉलेजच्या मैदानावर ते दर आठवड्याला खेळले आणि मग कुणीतरी त्यांना बोलावलं.

उलट्या वाटेनं गेलेलाही एक आहे आणि तो माझा आवडता आहे: डेरेक कॉर्नेलियस, ओंटारियोच्या एजॅक्सचा. जर्मनीच्या खालच्या लीगमध्ये न्यूमुन्स्टरला खेळला, सर्बियाच्या इव्हान्यित्सासारख्या गावात खेळला, मग व्हँकुव्हर, ग्रीस, माल्मो, आणि २०२४ ला मार्सेय. तुला जर्मनीच करायची असेल तर त्याचा प्रवास वर्षावार लिहून काढ आणि बघ, किती वर्षं त्याचं नाव कुणाला माहीत नव्हतं. मांजरेकर जेम्स हाही त्यातलाच. नाव वाचून आपण मराठी माणसं थबकतो, पण हा टोरोंटोत वाढलेला सेंटर बॅक (मधला बचावपटू), हंगेरीत टिच्चून खेळला आणि मग डेन्मार्कला गेला.

आणि ट्रिस्टन बोर्जेस? २०१९ मध्ये कॅनेडियन प्रीमियर लीगचा सर्वोत्तम खेळाडू आणि सर्वाधिक गोल करणाराही तोच. बेल्जियमच्या लूव्हेननं घेतला. तिथं जम बसला नाही आणि तो पुन्हा हॅमिल्टनला फोर्जकडं आला. त्याच्यात काही कमी होतं असं मला वाटत नाही. युरोपातली बेंच अशीच असते, आणि परत येऊन तो पुन्हा जोमानं खेळला याचं मला कौतुक आहे.

आता इथलं रोजचं जगणं सांगतो, कारण जर्मनीबद्दल तू विचारलंयस. ओबरलिगाचा क्लब म्हणजे आपल्या कोल्हापुरातल्या फुटबॉल खेळणाऱ्या तालमीसारखा. शिवाजी तरुण मंडळ किंवा पाटाकडीलची मॅच शाहू स्टेडियमवर बघितली असशील तर लगेच कळेल: पेठेतला माणूस दुकान बंद करून मॅचला येतो, आणि हरलास तर दुसऱ्या दिवशी चहाच्या गाडीवर त्याला उत्तर द्यावं लागतं. इथं चहाच्या जागी बिअर आणि पेठेच्या जागी वस्ती. आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी सराव, रविवारी मॅच. नोव्हेंबरमध्ये गवताचं मैदान बंद होतं आणि कधीकधी लाल खडीच्या जुन्या मैदानावर पाठवतात. त्यावर एकदा स्लाइडिंग टॅकल मारलीस की मांडीवर हाताएवढी साल निघते आणि शॉवरखाली ती आठवडाभर झोंबते. ड्रेसिंगरूममध्ये आलास की बसण्याआधी प्रत्येकाशी हात मिळवायचा, कोचपासून कपडे धुणाऱ्या आजोबांपर्यंत. हे चुकवलंस तर तू कितीही भारी खेळ, तुला आखडू समजतील. उशीर झाला तर दंड, सरावात मोबाइल वाजला तर दंड. त्या गल्ल्यातून सीझन संपल्यावर सगळे मिळून सहलीला जातात.

क्लबकडून मिळणाऱ्या पैशात भाडं निघत नाही. क्लबचा कुणी प्रायोजक गोदामात, बेकरीत, छपाईच्या कारखान्यात काम लावून देतो. पहाटे पाचला उठून आठ तास उभं राहायचं आणि सातला सरावाला जायचं. ज्यांना हे जमतं ते टिकतात. जर्मन भाषा शिकलास तर काम शिकत पगार मिळण्याचा मार्गही खुला होतो, आणि त्यावर वर्षभराच्या परवान्यानंतरही राहता येतं. मी तसाच राहिलो. लेफ्ट बॅकला तर भाषा लागतेच. मागून सेंटर बॅक काय ओरडतोय हे कळलं नाही तर ऑफसाइडची रेषा तुझ्यामुळं मोडते.

वेळेचं गणित नीट बघ. ओंटारियोचा सीझन वसंतात सुरू होऊन उन्हाळ्याबरोबर संपतो. इथं अमॅच्युअर खेळाडूंच्या नोंदणीची खिडकी १ जुलै ते ३१ ऑगस्ट आणि पुन्हा जानेवारीत. तुझा सीझन संपेपर्यंत उन्हाळ्याची खिडकी मिटलेली असते. जानेवारीत येऊन बर्फात स्वतःला दाखवणं अवघड, पण जागा तेव्हाच रिकाम्या होतात, कुणी दुखापतीनं गेलेलं असतं. मला विचारशील तर जूनच्या शेवटी ये, सीझनपूर्व सराव सुरू होतो तेव्हा. त्यासाठी ओंटारियोचा अर्धा सीझन सोडावा लागेल. स्वीडन, फिनलंड, आइसलंडचा सीझन मात्र कॅनडासारखाच वसंत ते शरद असतो. तिकडं जायचं तर हिवाळ्यातच बोलणी कर.

अजून एक कागद, ज्यावरून चांगले सौदे मोडलेले मी बघितलेत. देश बदलताना आंतरराष्ट्रीय हस्तांतरण प्रमाणपत्र लागतं. ते नवीन देशाचा महासंघ कॅनडा सॉकरकडून, म्हणजे कॅनडाच्या फुटबॉल महासंघाकडून, मागवतो. आणि तू पहिला व्यावसायिक करार २३ वर्षांचा होण्याच्या वर्षाअखेरपर्यंत केलास, तर १२ ते २१ वयात तुला ज्या क्लबांनी शिकवलं त्यांना प्रशिक्षण भरपाई मागता येते. युरोपात सर्वात खालच्या श्रेणीच्या क्लबला ती लागू नाही, पण त्याच्या वरच्या श्रेणीत सोळाव्या वर्षानंतरच्या दर वर्षामागे ३०,००० युरोपासून हिशोब सुरू होतो. छोटा क्लब हा आकडा ऐकूनच फोन ठेवतो. तेव्हा ब्रॅम्प्टनच्या तुझ्या जुन्या क्लबांकडून आम्ही भरपाई मागणार नाही असं सही-शिक्क्याचं पत्र आत्ताच, संबंध चांगले असताना, घेऊन ठेव.

भारतात आयएसएल (इंडियन सुपर लीग) खेळून पुढं जाऊ का, असंही शेवटी तू विचारलंयस. भारतीय पासपोर्ट आहे तोवर तू तिथं देशी खेळाडू आहेस आणि राष्ट्रीय संघाचं दारही तुला उघडं आहे. कॅनडाचं नागरिकत्व घेतलंस की ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) मिळेल, पण ओसीआयवर भारताकडून खेळता येत नाही. हा निर्णय मोठा आहे, आईबाबांशी बसून बोल. मात्र २०२५-२६ चा आयएसएल सीझन वेळेवर सुरूच होऊ शकला नाही हे लक्षात घे. केवळ त्या आशेवर युरोपाची वाट सोडावी असं मला वाटत नाही.

तब्येतीचंही सांगतो. ओहिप, म्हणजे ओंटारियोचा सरकारी आरोग्य विमा, टिकवायला कुठल्याही १२ महिन्यांत १५३ दिवस ओंटारियोत असावं लागतं. युरोपात गुडघा गेला आणि विमा नसेल तर ऑपरेशनचं बिल घरापर्यंत येतं. जर्मनीत विम्याशिवाय राहण्याचा परवानाही मिळत नाही, म्हणून तिकिटाच्या आधी विमा घे.

तोवर काय करशील? यू स्पोर्ट्समध्ये, म्हणजे कॅनडातल्या विद्यापीठांच्या स्पर्धांत, विद्यापीठाकडून खेळ. तिथून कॅनेडियन प्रीमियर लीगचा ड्राफ्ट होतो आणि विद्यापीठाची पात्रता न गमावता तिथं खेळताही येतं. तुमच्या पातळीचा संघ कॅनेडियन चॅम्पियनशिपला (व्यावसायिक क्लबांबरोबरची देशाची कप स्पर्धा) पात्र झाला तर त्या एका मॅचची किंमत स्काउटना दाखवायला भरवलेल्या दहा शोकेसपेक्षा जास्त: २०२३ च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या लीग वनमधल्या टीएसएस रोव्हर्सनं कॅनेडियन प्रीमियर लीगच्या व्हॅलरला ३-१ हरवलं तेव्हा देशभर त्या पोरांची नावं झाली.

मला दोन गोष्टी पाठव. एक, नागरिकत्वाचा अर्ज करता येईल ती तारीख. दोन, एका पूर्ण मॅचचा व्हिडिओ, काटछाट न केलेला, शक्यतो जी मॅच तुम्ही हरलात ती. गोलांची तीन मिनिटांची क्लिप नको. बॉल तुझ्याकडं नसताना तू कुठं उभा असतोस ते इथले कोच आधी बघतात. इथल्या दोन-तीन कोचना मी तो दाखवीन, आणि ते जे म्हणतील ते जसंच्या तसं तुला कळवीन.