गुणसूत्रं जुळतात? आधी गुण म्हणजे काय ते बघा

प्रश्न असा आलाय की "नवराबायकोची गुणसूत्रं जुळली पाहिजेत" हे म्हणणं बरोबर का, आणि गुणसूत्र म्हणजेच जनुक का.

दोन्हीचं उत्तर "नाही" असंच आहे. हे जुळणं पत्रिकेतलं, छत्तीस गुणांतलं, तिथून उडी मारून ते गुणसूत्रात येऊन बसलंय आणि आता दोन पक्षांची युती झाली तरी "गुणसूत्रं जुळली" ऐकावं लागतं, डोकं उठतं अगदी. अहो, माणसाच्या पेशीत 46 गुणसूत्रं असतात, बहुतेक सगळ्यांच्याच, 23 आईकडून 23 बापाकडून, त्यात जोडीदाराशी जुळवण्यासारखं काय आहे? पटतं म्हणा, सूर जुळले म्हणा. जनुक म्हणजे गुणसूत्र या लांब दोऱ्याचा एक छोटा तुकडा, एका दोऱ्यात असे शेकडो, कुठे हजारो.

पण मला बोलायचंय ते "गुण"बद्दल. संस्कृतात गुण म्हणजे दोरीसुद्धा! दोरीचा पदर, धनुष्याची दोरी. द्विगुण म्हणजे मुळात दोन पदरांचं, त्रिगुण तीन पदरांचं, त्यावरूनच पुढे पट आला आणि शाळेतला गुणाकारही तिथलाच. म्हणजे गुणसूत्र या शब्दात दोरा दोनदा आलाय. शब्द करणाऱ्यांच्या मनात लक्षण हाच अर्थ असणार, मान्य, पण 1953 साली वॉटसन आणि क्रिक या शास्त्रज्ञांनी गुणसूत्रातला डीएनए दोन पदरांचा पिळलेला निघतो हे दाखवलं, म्हणजे शब्दशः द्विगुण, हे बघून मला दर वेळी तितकाच आनंद होतो.

आता "गुणसूत्र चूक, रंगसूत्रच खरं" म्हणणारे विद्वान. त्यांचा आधार काय तर गुणसूत्राचा इंग्रजी शब्द क्रोमोसोम, वाल्डायर या जर्मन शास्त्रज्ञाने 1888 मध्ये केलेला, ग्रीक क्रोमा म्हणजे रंग. बरं, मग सोमा म्हणजे शरीर, त्याचं सूत्र कसं केलंत? तो दोरा वाल्डायरचा नाहीच, तो फ्लेमिंगचा, जर्मनीत कील गावी सॅलॅमँडर या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याच्या पेशी रंगवून त्यांची चित्रं काढत बसलेला माणूस, त्याने 1882 मध्ये पेशीविभाजनाला मायटॉसिस म्हटलं, ग्रीक मिटोस म्हणजे धागा. म्हणजे तुमचं रंगसूत्र अर्धं एकाचं, अर्धं दुसऱ्याचं, आणि वर शुद्धतेचा आग्रह! शिवाय तो रंग गुणसूत्राचा नाहीच, बाहेरून चढवलेला. मतदानाला शाई लावतात म्हणून बोटाचं नाव शाईबोट ठेवायचं का?

कॉलेजात आम्ही ग्लासवर कांदा ठेवून मुळं फुटू द्यायचो, मुळाचं टोक कापून अ‍ॅसिडात मऊ करायचं, ॲसिटोकार्माइन हा लाल रंग टाकायचा, वर काच ठेवून टिपकागदातून अंगठ्याने दाबायचं. जास्त दाबलं तर काच फुटायची. आणि मग भिंगाखाली, एखाद्याच पेशीत, लालसर जाडे आखूड दोरे, कांद्याचे 16, मोजता मोजता एकमेकांवर चढलेले. ते बघून सूत्र हाच शब्द तोंडात येतो, बाकी काही नाही.

हां, जनुक राहिलंच. योहान्सन या डॅनिश शास्त्रज्ञाने 1909 मध्ये जनुकासाठी जीन हा शब्द केला त्याच्यामागचं ग्रीक मूळ आणि आपला जन् धातू एकाच घरातले, जन्म, जननी, जनक सगळी तीच भावंडं. त्यामुळे जनुकाला भाषांतर म्हणू नका, ते लांबच्या चुलत भावाला घरी आणणं आहे.